घरगुती कचरा वर्गीकरणाचे मूल्यमापन

घरात वेगळा केलेला कचरा शेवटपर्यंत वेगळाच राहतो का आणि त्यातला किती खत किंवा पुनर्वापराच्या कामी येतो, याची पडताळणी. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने कचरा ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत देणे बंधनकारक केले, तेव्हापासून नगरपालिकांच्या कामात तिला महत्त्व आले.

सातारा-सांगलीकडे या बाबतीत सांगण्यासारखे बरेच आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० मध्ये कराड, २०२१ मध्ये विटा आणि २०२२ मध्ये पाचगणी देशात पहिले आले. लागोपाठ तीन वर्षे हा मान याच दोन जिल्ह्यांत राहिला, ही खरोखर अभिमानाची गोष्ट आहे. मात्र सर्वेक्षणाचे गुण शौचालये, रस्तेसफाई, नागरिकांचा प्रतिसाद अशा अनेक बाबींवर मिळतात. वर्गीकरण त्यातला एक भाग. त्यामुळे ते स्वतंत्रपणे तपासावे लागते.

सर्वांत सोपे माप वजनकाट्याचे, आणि फसवेही तेच. पाचगणीच्या पावसात भिजलेला कचरा उन्हाळ्यातल्यापेक्षा जड भरतो. टन वाढले म्हणून संकलन सुधारले असे होत नाही. शिवाय रद्दी, बाटल्या, पत्रा घरातूनच भंगारवाल्याकडे जातात. घंटागाडीच्या नोंदीत ते येतच नाहीत आणि पुनर्वापराचा मोठा वाटा हिशेबाबाहेर राहतो. कचरावेचकांच्या कष्टांचेही तेच होते.

खरी कसोटी घंटागाडीच्या दोन कप्प्यांत लागते. एखाद्या प्रभागातला ओल्याच्या कप्प्यातला कचरा पसरून नीट कालवायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि उरलेल्यावर हेच पुन्हा करायचे. हाताळता येईल एवढा नमुना उरला की पिशव्या, काच, कापड, डायपर वेगळे काढून तोलायचे. ओल्यात सुके किती मिसळले ते तेव्हा कळते. एका दिवसाच्या नमुन्यावर भिस्त ठेवू नये. गणेशोत्सवात निर्माल्य वाढते, पाचगणी-महाबळेश्वरला सुटीच्या हंगामात हॉटेलांचे उरलेले अन्न. म्हणून वर्षातून अनेकदा नमुने घ्यावेत.

चूक घरात झाली की गाडीवर, हेही शोधावे लागते. घराघरांतून वेगळे आलेले गाडीत एकत्र होताना दिसले की लोक दोन डबे ठेवणे सोडून देतात. एकदा सुटलेली ही सवय परत लावणे फार जड जाते.

शेवटचा पुरावा खत देते. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टचा किमान ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जावा लागतो आणि शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ओल्यात पडलेल्या बॅटऱ्या इथे उघड्या पडतात. कृष्णाकाठचा ऊस उत्पादक असे खत रानात टाकणार असेल, तर ही तपासणी त्याच्या मातीसाठी आहे. चाळणीवर उरलेल्या प्लॅस्टिकचे वजन दर खेपेला लिहून ठेवले, तर वर्गीकरण कुठल्या महिन्यात ढिले पडले ते त्या वहीतच दिसते.