कल्याणकारी अर्थशास्त्र : नीती, न्याय आणि मानवी प्रेरणा

एखाद्या धोरणामुळे किंवा बाजारातील घडामोडीमुळे समाजाची स्थिती सुधारली की बिघडली, हे ठरवण्याच्या कसोट्या तयार करणारी आणि तपासणारी अर्थशास्त्राची शाखा म्हणजे कल्याणकारी अर्थशास्त्र. किंमत का वाढली, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. ती वाढली हे बरे झाले का, हा या शाखेचा. त्याचे उत्तर देताना दोन प्रकारची गृहीतके लागतात. कोणाचे सुखदुःख किती धरायचे, हे नीतीचे गृहीतक. माणसे कशासाठी काय करतात, हे प्रेरणेचे. हिशेबाअंती हाती येणाऱ्या आकड्यात दोन्ही मिसळलेली असतात. त्यामुळे करांवरचे किंवा अनुदानांवरचे पुष्कळ वाद नेमके कोणत्या गृहीतकाबद्दल चालले आहेत, हे वाद घालणाऱ्यांनाही ठाऊक नसते.

पिगू ते पॅरेटो

जेरेमी बेंथॅम यांच्या उपयुक्ततावादात समाजाचे कल्याण म्हणजे व्यक्तींच्या सुखांची बेरीज. ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये या विचाराला व्यवस्थित आर्थिक रूप दिले. उत्पन्न वाढत जाते तशी त्यातल्या पुढच्या एककाची उपयोगिता (त्यातून मिळणारे समाधान) घटत जाते; म्हणून एकूण उत्पादन घटणार नसेल, तर श्रीमंताकडून गरिबाकडे गेलेला पैसा एकूण कल्याण वाढवतो, असा त्यांचा युक्तिवाद. १९३२ मध्ये लायोनेल रॉबिन्स यांनी त्याच्या पायालाच हात घातला. दोन व्यक्तींच्या समाधानाची तुलना निरीक्षणाने पडताळता येत नाही, तेव्हा ती विज्ञानाचा भाग नाही, असे त्यांनी म्हटले. अशी तुलना करूच नये, असे मात्र रॉबिन्स म्हणाले नव्हते. ती नैतिक निर्णय म्हणून उघडपणे करावी, एवढाच त्यांचा आग्रह होता. पुढच्या पिढीने त्यातला पहिला अर्धाच उचलला.

तुलना टाळायची म्हटल्यावर उरली ती व्हिल्फ्रेडो पॅरेटो यांची कसोटी : कोणाचेही नुकसान न होता निदान एकाचा फायदा होत असेल, तर तो बदल चांगला. कसोटी निरुपद्रवी दिसते, पण तिच्या आधारे फारसे काही ठरत नाही. सगळी संपत्ती एकाच्या हाती आणि बाकीचे उपाशी, ही स्थितीही पॅरेटोच्या अर्थाने इष्टतम ठरते, कारण त्या एकाचे काही काढून घेतल्याशिवाय इतरांचे भले होत नाही. केनेथ ॲरो आणि जेरार्ड देब्र्यू यांनी १९५१ मध्ये काटेकोर रूप दिलेल्या, कल्याणकारी अर्थशास्त्राच्या दोन मूलभूत प्रमेयांपैकी दुसरे इथे दिलासा देते. सुरुवातीच्या संपत्तीचे एकरकमी (माणसाच्या वागण्याने न बदलणारे) फेरवाटप केले, तर काही अटींखाली हवी ती इष्टतम स्थिती स्पर्धात्मक बाजारातून मिळवता येते. अडचण ‘एकरकमी’ या शब्दात आहे. असे फेरवाटप ज्याच्या त्याच्या उपजत कुवतीवर बेतावे लागते, आणि कुवत उघड केली की कर वाढणार हे कळल्यावर ती कोणी उघड करत नाही. न्यायाचा प्रश्न इथेच प्रेरणेच्या प्रश्नात शिरतो.

भरपाईची कसोटी आणि तिची फसगत

निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये पॅरेटोची अट सैल केली. ज्यांचा फायदा झाला ते नुकसान झालेल्यांना पूर्ण भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर बदल स्वीकारार्ह. भरपाई प्रत्यक्ष द्यावी अशी अट नाही, आणि आजचे बहुतेक खर्च-लाभ विश्लेषण याच कसोटीवर चालते. समजा, एका प्रकल्पाने सधन गटाला १०० एककांचा लाभ होतो आणि गरीब गटाला ६० एककांचा तोटा. निव्वळ लाभ ४०, प्रकल्प मंजूर. गरिबांच्या हाती काहीच पडत नाही, तरी ‘कार्यक्षमता वाढली’ अशी नोंद होते.

कसोटी तर्काच्या अंगानेही लंगडी आहे. टिबोर सिटोव्हस्की यांनी १९४१ मध्ये दाखवले की एका स्थितीतून दुसरीत जाणे जसे या कसोटीला उतरू शकते, तसेच दुसरीतून पहिलीत परतणेही. वस्तूंचे मोल ज्या किमतींनी करायचे त्या किमतीच वाटपावर अवलंबून असल्याने हे घडते. व्यवहारात याच दोषाचे दुसरे रूप अधिक भेटते. लाभ मोजताना ‘यासाठी तुम्ही किती पैसे मोजाल?’ असे विचारले, तर उत्तर उत्पन्नाच्या मर्यादेत अडकते. ‘हे सोडायला किती घ्याल?’ असे विचारले, तर आकडा बहुधा बराच मोठा येतो. नुकसान सोसणाऱ्याला पहिला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा मूळ हक्क न विचारताच काढून घेणे होय.

भारांक : नैतिक निर्णय कुठे लिहावा

यावरचा सरळ उपाय म्हणजे प्रत्येक गटाच्या लाभ-तोट्याला उत्पन्नानुसार भारांक देणे. सरासरी उत्पन्नाला त्या गटाच्या उत्पन्नाने भागायचे आणि येणाऱ्या गुणोत्तराला एका घातांकाने चढवायचे. ब्रिटिश कोषागाराच्या मूल्यमापन-मार्गदर्शिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत हा घातांक १.३ आहे. त्यानुसार सरासरीच्या निम्मे उत्पन्न असणाऱ्याच्या एका एककाला सुमारे २.४६ भार मिळतो, सरासरीच्या दुप्पट असणाऱ्याच्या एककाला सुमारे ०.४१. वरच्या उदाहरणातले दोन गट असेच असतील, तर १०० चा लाभ ४१ वर येतो आणि ६० चा तोटा १४८ होतो. मंजूर झालेला प्रकल्प फेटाळला जातो. भारांक न लावणे म्हणजे तटस्थ राहणे, हा समज इथे टिकत नाही; न लावणे म्हणजे सगळ्यांना १ लावणे. गंमत अशी की त्याच मार्गदर्शिकेत वटाव दर (भविष्यातील लाभांचे आजचे मोल ठरवण्याचा दर) काढताना हाच घातांक १ धरला आहे.

घातांक किती धरायचा, हे अँथनी ॲटकिन्सन यांच्या १९७० च्या निर्देशांकातून नीट समजते. दोन व्यक्ती, उत्पन्ने २० आणि ८०, सरासरी ५०. समाजाला तितकेच कल्याण देणारे समान उत्पन्न किती, असा प्रश्न. घातांक शून्य असेल, तर ५०. विषमतेची पर्वाच नाही. १ असेल तर ४०, २ असेल तर ३२. घातांक वाढवतच नेला की आकडा २० वर टेकतो, म्हणजे फक्त सर्वांत गरिबाकडे पाहिले जाते. निर्देशांक अनुक्रमे ०, ०.२०, ०.३६ आणि ०.६०. यातल्या ०.३६ चा अर्थ असा की उरलेले समान वाटले जाणार असेल, तर एकूण उत्पन्नातले ३६ टक्के सोडायला हा समाज तयार आहे.

आर्थर ओकुन यांनी १९७५ मध्ये गळक्या बादलीची कल्पना मांडली : श्रीमंताकडून गरिबाकडे नेताना वाटेत किती गळती चालेल? वरच्या दोघांत उत्पन्नाचे गुणोत्तर ४ आहे. घातांक अर्धा असेल तर निम्मी गळती चालते, १ असेल तर ७५ टक्के, २ असेल तर जवळपास ९४ टक्के. ‘२ हा मध्यममार्गी आकडा’ असे सहज म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा आधी पाहावा.

सामाजिक निवड

व्यक्तींच्या पसंतीक्रमांतून समाजाचा एकच सुसंगत क्रम काढता येईल का? पर्याय तीन किंवा अधिक असतील, तर सर्व प्रकारचे पसंतीक्रम ग्राह्य धरणे, सर्वांची एकमुखी पसंती मानणे, दोन पर्यायांमधील निवड तिसऱ्यावर अवलंबून नसणे आणि कोणीही हुकूमशहा नसणे या अटी एकत्र पाळता येत नाहीत, हे ॲरो यांनी १९५१ मध्ये सिद्ध केले. याचा अर्थ ‘लोकशाही अशक्य’ असा लावला जातो, तो चुकीचा. प्रमेयात फक्त क्रम वापरलेले आहेत. कोणाला किती लाभ आणि कोणाची अवस्था कोणापेक्षा वाईट, ही माहिती अगोदरच गाळलेली आहे. ती परत आत घेतली की वाटा खुल्या होतात, असे अमर्त्य सेन यांनी दाखवले.

सेन यांनीच १९७० मध्ये पॅरेटोच्या कसोटीची व्यक्तिस्वातंत्र्याशी टक्कर दाखवली. एक वादग्रस्त पुस्तक आणि दोन माणसे : एक सोवळा, एक रंगेल. सोवळ्याला वाटते कोणीच वाचू नये. वाचायचेच तर रंगेलाच्या हाती पडण्यापेक्षा आपण वाचलेले बरे. रंगेलाला वाटते सोवळ्याने वाचावे, ते नाही तर आपण, आणि कोणीच न वाचणे सर्वांत वाईट. आपण काय वाचायचे हे ज्याने त्याने ठरवायचे, असे म्हटले तर रंगेल वाचतो, सोवळा वाचत नाही. पण रंगेलाने वाचण्यापेक्षा सोवळ्याने वाचलेले दोघांनाही बरे वाटते, म्हणजे पॅरेटोची कसोटी स्वातंत्र्याने मिळालेली स्थिती नापास करते. अशी पसंती दुसऱ्याच्या आयुष्यात नाक खुपसणारी असते, आणि कल्याणाच्या हिशेबात ती तशीच धरावी का, हा प्रश्न अजून खुला आहे.

न्यायाच्या भूमिका

आपण समाजात कोण असू हे माहीत नसताना नियम निवडायचे, ही कल्पना जॉन हार्सानी आणि जॉन रॉल्स या दोघांनीही वापरली; निष्कर्ष उलट निघाले. हार्सानी यांच्या मते कोणाचीही जागा मिळण्याची शक्यता सारखी मानून सरासरी उपयोगिता मोठी करावी. रॉल्स यांनी (१९७१) शक्यताच नाकारल्या, आणि सर्वांत तळच्या गटाचे हित साधणारी विषमताच मान्य केली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रॉल्स यांचे तत्त्व ‘किमान उपयोगिता मोठी करा’ असे छापले जाते. रॉल्स उपयोगितेबद्दल बोलतच नाहीत. त्यांचे मोजमाप हक्क, संधी, उत्पन्न अशा प्राथमिक साधनांचे आहे, आणि मूलभूत स्वातंत्र्यांचा क्रम उत्पन्नाच्या आधी लागतो. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये वाटपाचा आकृतिबंधच बाजूला सारला : मालमत्ता वैध मार्गाने आली असेल, तर वाटप कसेही दिसो, ते न्याय्य.

सेन यांचा क्षमता दृष्टिकोन मोजमापालाच हात घालतो. दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस अपेक्षा कमी करून समाधानी होतो. त्याचे समाधान मोजले तर अन्याय दिसेनासा होतो. म्हणून माणूस प्रत्यक्षात काय करू आणि होऊ शकतो, ते पाहायचे. उपवास करणारा आणि उपासमार होणारा यांच्या पोटात सारखेच अन्न असते, फरक निवडीचा.

माणूस कशाने हलतो

प्रत्येक जण केवळ स्वहिताने चालतो, हे अर्थशास्त्राचे पहिले तत्त्व असल्याचे एफ. वाय. एजवर्थ यांनी १८८१ मध्ये लिहिले. सेन यांनी १९७७ च्या निबंधात त्याला उत्तर देताना सहानुभूती आणि बांधिलकी यांत भेद केला. दुसऱ्याचा छळ पाहून मला त्रास होतो म्हणून मी मदत करतो, तेव्हा माझेही कल्याण वाढते, ही सहानुभूती. मला त्रास होत नाही, तरी ते चूक आहे म्हणून मी पदरचे घालून उभा राहतो, ही बांधिलकी. दुसऱ्या प्रकारात निवड आणि कल्याण यांची फारकत होते, आणि ‘माणूस जे निवडतो तेच त्याचे हित’ हे समीकरण तुटते. हिशेबावर याचा थेट परिणाम होतो. इतरांच्या भल्यासाठी लोक जी रक्कम द्यायला तयार असतात, ती लाभाच्या बाजूला धरली आणि त्याच इतरांवर पडणाऱ्या खर्चाबद्दलची कळकळ धरली नाही, तर निष्कर्ष एका बाजूला झुकतो.

व्हेर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाने रक्कम वाटायची आणि दुसऱ्याने ती वाटणी स्वीकारायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांनाही शून्य. स्वार्थी माणूस कितीही थोडे स्वीकारेल, पण पुढे झालेल्या असंख्य आवृत्त्यांत २० टक्क्यांखालचे देकार वारंवार नाकारले गेले. अन्याय वाटला तर माणसे स्वतःचे नुकसान करून घेतात.

प्रोत्साहन आणि न्याय

जेम्स मरलीज यांनी १९७१ मध्ये सरकारला कुवत दिसत नाही, फक्त उत्पन्न दिसते, असे धरून इष्टतम प्राप्तिकराचे गणित केले. उपयुक्ततावादी विश्लेषणातून चढे दर निघतील अशी त्यांची स्वतःची अपेक्षा होती; तसे झाले नाही. पीटर डायमंड आणि इमॅन्युएल साएझ यांनी २०११ मध्ये सर्वोच्च उत्पन्नगटासाठी वापरलेले सूत्र मात्र वेगळ्या निष्कर्षाला पोचते. अतिश्रीमंताच्या जादा एककाला समाज देत असलेला भार १ मधून वजा करायचा. या वजाबाकीला, तीच वजाबाकी अधिक उत्पन्न-लवचिकता (करानंतर हाती राहणारा वाटा बदलला की उत्पन्न किती बदलते) गुणिले वाटपाच्या शेपटीचा गुणांक (सर्वोच्च स्तरावर उत्पन्न किती एकवटले आहे याचे माप), या बेरजेने भागले की दर मिळतो. भार शून्य, लवचिकता ०.२५ आणि गुणांक १.५ धरला की दर ७३ टक्के येतो.

आता हाच दर ५७ टक्क्यांवर आणायचा असेल तर दोन मार्ग आहेत. भार शून्याऐवजी ०.५ धरा, किंवा भार शून्यच ठेवून लवचिकता ०.५ धरा. उत्तर तंतोतंत तेच येते. पहिला बदल नीतीचा, दुसरा माणसांच्या वागण्याबद्दलचा. नुसत्या दरावरून दोन अर्थतज्ज्ञांचे कुठे बिनसले आहे ते कळत नाही. एकाला श्रीमंतांच्या सुखाची अधिक कदर असेल, किंवा दुसऱ्याला ते काम कमी करतील याची अधिक धास्ती. अहवालात दोन्ही आकडे वेगळे छापलेले नसतील, तर तो अहवाल वाचण्यात अर्थ नाही.

जी. ए. कोहेन यांचा आक्षेप याच सांध्यावर आहे. प्रोत्साहन दिले नाही तर गुणी माणसे कमी काम करतील, म्हणून विषमता गरिबांच्या हिताची, असे म्हटले जाते. पण ही माणसे स्वतः न्यायाचे तत्त्व मानत असतील, तर जादा मोबदला का मागतात? लवचिकता हा निसर्गनियम नसून त्यांचा निर्णय आहे. सरकारला तो गृहीत धरूनच कर आखावा लागतो, हे खरे. पण त्यामुळे तो निर्णय न्याय्य ठरत नाही.

ही लवचिकता धोरणामुळे स्वतःच बदलू शकते, ही आणखी एक गुंतागुंत. शासनव्यवस्था आखताना प्रत्येक जण लबाड आहे असे धरावे, हे डेव्हिड ह्यूम यांचे सूत्र. ज्युलियन ल ग्रांड यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली : निःस्वार्थी माणसांना लबाड समजून आखलेली व्यवस्था त्यांना हळूहळू तसेच वागायला शिकवते. इस्राएलमधील हैफा येथील १० पाळणाघरांच्या अभ्यासात (२०००) ६ ठिकाणी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर सुमारे दुप्पट झाला. दंडाला पालकांनी जादा वेळेचे भाडे मानले. स्वित्झर्लंडमधील वोल्फेनशीसेन येथे १९९३ मध्ये अणुकचऱ्याच्या साठवणस्थळाला ५०.८ टक्के लोकांनी होकार दिला होता. भरपाई देऊ केल्यावर होकार २४.६ टक्क्यांवर उतरला, आणि रक्कम वाढवूनही फारसा फरक पडला नाही.

म्हणून प्रोत्साहनाचे मूल्यमापन करताना ते लागू असतानाची वागणूक मोजणे पुरेसे नसते. प्रोत्साहन नसलेला तुलना-गट हवा, रकमेचे निदान दोन स्तर तपासायला हवेत, आणि प्रोत्साहन काढून घेतल्यानंतरही काही काळ मोजणी चालू ठेवायला हवी. हैफात दंड रद्द झाल्यावरही उशिराचे प्रमाण पूर्वीच्या पातळीवर आले नाही. मोजणी दंडाबरोबरच थांबवली असती, तर ही गोष्ट हिशेबात आलीच नसती.