अळीपुंज

मेलेल्या जनावराच्या मांसावर वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या एकमेकींना चिकटून जी दाट, सतत वळवळणारी रास करतात ती. ही सवय मुख्यतः नीलमाश्यांच्या कुलात (कॅलिफोरिडी) आढळते. क्रायसोमाया मेगासेफाला व क्रायसोमाया रुफिफेसीस या भारतातील परिचित जाती आहेत. गुरांच्या जखमेत अळ्या पडतात तो प्रकार निराळा. तो बहुधा क्रायसोमाया बेझियाना या जातीचा असून तिच्या अळ्या जिवंत मांसावरच वाढतात.

अळीला चावण्याचे जबडे नसतात. तोंडातील आकड्यांनी ती मांस खरवडते आणि पाचक रस त्यावर सोडून पातळ झालेले अन्न शोषते. अनेकींचा रस एका जागी पडला की मांस लवकर विरघळते, हे एकत्र राहण्याचे मुख्य कारण मानले जाते. डोके मांसात आणि मागील टोकावरची श्वासरंध्रे हवेकडे, अशी त्यांची ठेवण असते. अळ्या ज्या पृष्ठभागावरून सरपटतात तेथे त्यांच्या त्वचेतील द्रव्यांचा माग राहतो व इतर अळ्या तेथे अधिक काळ रेंगाळतात.

पुंज आसपासच्या हवेहून १० ते ३० अंश से. अधिक तापू शकतो. ही उष्णता येते कोठून, हा जुना वाद आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील हिवाळी कलेवरांच्या तापमानाविषयी संशोधक डिओनियर यांनी १९४० मध्ये लिहिले. पुढे कोणी सडण्याच्या जिवाणूक्रियेला, कोणी अळ्यांच्या परस्पर घर्षणाला, तर कोणी त्यांच्या चयापचयाला श्रेय दिले. माश्यांपासून जपलेले कलेवर सहसा हवेच्या तापमानाजवळच राहते. शिवाय उष्मा तिसऱ्या, म्हणजे कोषापूर्वीच्या शेवटच्या अवस्थेतील अळ्यांबरोबर चढतो आणि त्या निघून गेल्या की उतरतो. त्यामुळे चयापचयाचा पक्ष अधिक सबळ वाटतो. जिवाणूंचा वाटा मात्र पूर्णपणे नाकारता येत नाही. २००७ मधील एका अभ्यासानुसार सुमारे २० घन सेंमी.हून मोठा पुंजच स्वतःचे तापमान वाढवू शकतो.

या उष्म्याला ‘तापनियमन’ (शरीराचे तापमान स्वतः राखणे) म्हणावे का, हाही प्रश्न आहे. एकटी अळी शरीर तापवू शकत नाही. ती जागा निवडते. २०१६ मधील प्रयोगांत नीलमाश्यांच्या तीन जातींपैकी ल्युसिलिया सेरिकाटाच्या अळ्या सुमारे ३३ अंशांवर, कॅलिफोरा व्होमिटोरियाच्या सुमारे ३० वर, तर कॅलिफोरा व्हिसिनाच्या २२ अंशांच्या आसपास स्थिरावल्या. पुंज फार तापला की अळ्या कडेला सरकतात. त्या मध्य व कड यांमध्ये ठरावीक क्रमाने फिरत राहतात, ही कल्पना मोहक असली तरी आवडत्या तापमानाची निवड हे स्पष्टीकरण अधिक साधे आहे. तापमान ५० अंशांकडे गेले की ते बहुतेक जातींना घातक ठरते.

मृतदेहावरील अळ्यांवरून मृत्यूची वेळ ठरवताना नाशिक जिल्ह्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे, कारण एकाच जिल्ह्यात हवामानाची टोके भेटतात. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत, मालेगावात मे महिन्यात तो ४० च्या वर जातो, तर इगतपुरीला घाटाचा मुसळधार पाऊस असतो. अळ्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढताना मिळालेली उष्णता अंश-तासांत (वाढीला उपयोगी तापमान गुणिले तास) मोजतात. निफाडच्या थंड रात्री केवळ केंद्राचे तापमान धरले, तर पुंजात वाढलेल्या अळीचे वय प्रत्यक्षाहून जास्त निघेल आणि मृत्यूची वेळ मागे ढकलली जाईल. एखाद्या माणसाचे निर्दोषत्व यावर अवलंबून असू शकते. म्हणून घटनास्थळी पुंजात तापमापक घालून स्वतंत्र नोंद घेणे अगत्याचे आहे. मालेगावच्या उन्हात अडचण उलटी होते. तेथे हवाच घातक मर्यादेजवळ असल्याने मोठ्या पुंजाच्या मध्यभागी अळ्या टिकत नाहीत आणि वाढ मंदावू शकते.

पूर्ण वाढलेल्या अळ्या खाणे थांबवून कलेवरापासून दूर जातात व बहुधा मातीत शिरून कोष करतात. तेव्हापासून गणनेत पुंजाचे नव्हे, तर त्या जागेच्या मातीचे तापमान धरावे लागते.