दोराचं बाहेरचं टोक

माझे मामा बडोद्याजवळच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर होते. गणपतीत दांडिया बाजारातल्या घरी सगळे जमलो की त्यांचा एक किस्सा हमखास निघतो. दुपारची शिफ्ट, धुऊन रिकामं केलेलं व्हेसल म्हणजे रसायनाची मोठी बंद टाकी, आत शिरायचं परमिट सकाळीच निघालेलं. जेवणानंतर त्यांचा जोडीदार हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचे पट्टे, चढवून पुन्हा आत उतरला. शिडीच्या चार पायऱ्या उतरला असेल-नसेल, हात सुटले आणि तो दोरावर लोंबकळू लागला. ओरडला नाही की खोकला नाही. "बसमध्ये डुलकी लागावी तसा," मामा म्हणतात. त्यांचा एक पाय मॅनहोलमध्ये गेलाच होता, एवढ्यात मागून एका फिटरने कमरेला मिठी मारली आणि ओरडला, "अंदर ना जतो!"

नंतर कळलं की नायट्रोजनचा व्हॉल्व्ह पास होत होता, म्हणजे बंद असूनही थोडा थोडा वायू सोडत होता. लाइनला ब्लाइंड, म्हणजे पाइप पुरता बंद करणारी लोखंडी चकती, मारलेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत व्हेसल नायट्रोजनने भरत गेलं आणि परत उतरण्याआधी आतला ऑक्सिजन मोजणारं मीटर पुन्हा लावायचं कुणाला सुचलं नाही.

नायट्रोजन विषारी नाही. आपण घेतो त्या हवेत तो 78 टक्के असतोच. प्रश्न उरलेल्या 20.9 टक्के ऑक्सिजनचा आहे. तो 19.5 टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा धोक्याची धरतात. पण शरीराला हे समजतच नाही. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते ती ऑक्सिजन कमी झाल्याची नसते, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. नायट्रोजनने भरलेल्या टाकीत माणूस श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, त्यामुळे छाती भरत नाही, घुसमट होत नाही. उलट श्वास चालू असणंच घातक ठरतं. फुप्फुसात ऑक्सिजन नसला की रक्तातला ऑक्सिजन उलटा फुप्फुसात येतो आणि उच्छ्वासाबरोबर निघून जातो. श्वास रोखून धरला तर निदान छातीतला साठा थोडा वेळ पुरतो. शुद्ध नायट्रोजनचे दोन-तीन श्वास मात्र तो धुऊन काढतात आणि साधारण 10 ते 15 सेकंदांत शुद्ध हरपते. "चक्कर येतेय" म्हणायलाही सवड मिळत नाही.

आता बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. त्याला दिसतं ते एवढंच: आपला माणूस पडला. उष्माघात असेल, पाय घसरला असेल, फिट आली असेल. स्वतःला तर काहीच होत नाहीये. म्हणून तो ठरवतो, श्वास रोखून जातो आणि ओढून आणतो. हे गणित प्रत्येक वेळी चुकतं. स्वस्थ बसून मिनिटभर श्वास रोखता येईलही, पण साठ-सत्तर किलोचं निपचित शरीर उचलताना स्नायू कार्बन डायऑक्साइड भराभरा तयार करतात आणि वीस-तीस सेकंदांत तोंड आपोआप उघडतं. पहिला श्वास नेमका सगळ्यात वाईट जागी घेतला जातो. शिवाय बेशुद्ध माणूस अरुंद मॅनहोलमधून सरळ वर काढणं एकट्याच्या हातांनी जवळजवळ अशक्यच. खरं तर आत पडलेला माणूस म्हणजेच मीटरचं रीडिंग असतं. ते वाचायला मात्र आपण तयार नसतो, कारण ते आपल्या ओळखीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

सेप्टिक टँक आणि गटारात गुन्हेगार बहुतेकदा दुसरा असतो, हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास. हवेच्या दहा लाख भागांत एक भागाहून कमी असला तरी नाकाला कळतो, म्हणून लोकांना वाटतं की वास येईल तेव्हा पळू. पण दहा लाखांत शंभरच्या आसपास गेला की तो नाकाची ताकदच मारतो. वास थांबतो आणि माणसाला वाटतं, गॅस गेला. हजाराच्या घरात एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो, कारण हा वायू पेशींची ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणाच बंद पाडतो. त्यातही गाळ स्थिर असतो तोवर वायू त्यात अडकून असतो. फावडं मारलं किंवा कुणी त्यात पडला की सोड्याची बाटली हलवल्यासारखा उसळून बाहेर येतो. म्हणजे पहिल्याच्या पडण्याने दुसऱ्यासाठी जागा आणखी वाईट होऊन बसते.

जून 2019 मध्ये बडोदा जिल्ह्यात, डभोई तालुक्यातल्या फरतीकुई गावी, एका हॉटेलची सेप्टिक टँक साफ करताना 7 जण गेले. त्यांतले 4 सफाई कामगार, 3 हॉटेलचे कर्मचारी. एक आत गेला तो वर येईना, म्हणून बाकीचे त्याच्या मागे उतरले. 1895 मध्ये लंडनजवळ ईस्ट हॅमच्या गटारात 5 माणसं अशीच एकामागून एक गेली होती. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने तपास केला आणि बोट याच वायूकडे दाखवलं. सव्वाशे वर्षांत मीटर आले, मुखवटे आले, आणि उतरण्याचा क्रम तोच राहिला.

अमेरिकेच्या नायोश या सरकारी संस्थेने 1986 मध्ये इशारा दिला होता की बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये 60 टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. हा आकडा आजही प्रत्येक सेफ्टी ट्रेनिंगमध्ये ऐकवतात. त्याच संस्थेने पुढे स्वतः तपासलेल्या घटनांत हे प्रमाण 36 टक्के निघालं. मला दुसरा आकडा जास्त विश्वासाचा वाटतो, आणि तोही अंगावर काटा आणायला पुरेसा आहे.

विहिरीत कंदील सोडून बघायची जुनी रीत आपल्याकडे अजून सांगतात. ज्योत विझते ती ऑक्सिजन 16-17 टक्क्यांवर आला की. हायड्रोजन सल्फाइड मात्र 0.1 टक्का असला तरी जीव घेतो आणि तेवढ्याने ज्योत विझत नाही. मिथेन असेल तर कंदील स्वतःच भडका करेल. तोंडाला ओला रुमाल बांधणं ही तर निव्वळ समजूत. रुमाल किंवा धुळीचा मास्क वायू अडवत नाही, आणि रसायनांची डबी लावलेला मास्कही नसलेला ऑक्सिजन निर्माण करू शकत नाही.

विजेच्या झटक्यातही सापळा हाच आहे, फक्त तिथे वायूच्या जागी तार असते. चिकटलेल्याला हात लावणारा स्वतः चिकटतो. मेन स्विच आधी, माणूस नंतर.

आपला जुना कारखाने कायदा 1948 चा, 2025 मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली. त्याचं कलम 36 मला फार शहाणं वाटतं. टाकीत किंवा खड्ड्यात उतरायचं तर आधी जाणकाराने तपासून लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं, कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि त्या दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. वाचवायला नंतर कुणी जाईल यावर त्या कायद्याने भिस्त ठेवलेली नव्हती. माणूस उतरण्याआधीच त्याला वर काढण्याची सोय बांधलेली असली पाहिजे. आजच्या कारखान्यात तो दोर तिपाईवरच्या विंचला लावतात. हँडल फिरवलं की एकटा माणूसही दुसऱ्याला वर घेऊ शकतो, आणि त्यासाठी त्याला आत डोकावावंही लागत नाही.

मामांनी त्या दिवशी तेच केलं. फिटरने मिठी सोडली नाही, म्हणून मामांनी दोन्ही हात हँडलला घातले. फार वेळ लागला नाही. जोडीदार वर आला, उघड्यावर आडवा केला, ऑक्सिजन लावला, आणि त्याने डोळे उघडून विचारलं, "जेवण झालं का रे?"

तो दर वर्षी आरतीला येतो. मामा किस्सा सांगायला लागले की मोदक तोंडात ठेवूनच म्हणतो, "मी आत मरत होतो आणि हा बाहेर चक्की फिरवत होता." मामा त्याच्या वाटीत आणखी तूप वाढतात.