वकिलातीची कॉन्सुलर सेवा

परदेशातील वकिलात आपल्या नागरिकांसाठी आणि आपल्या देशात येऊ पाहणाऱ्या परकीयांसाठी जे रोजचे प्रत्यक्ष काम करते, त्याला कॉन्सुलर सेवा म्हणतात. पासपोर्ट, व्हिसा, जन्ममृत्यूच्या नोंदी, दस्तऐवजांचे साक्षांकन आणि अडचणीत सापडलेल्यांना मदत, हे तिचे मुख्य भाग. मराठीत कॉन्सुलला ‘वाणिज्यदूत’ म्हणतात. परक्या बंदरातल्या आपल्या व्यापाऱ्यांची आणि जहाजांची काळजी वाहणे हे या पदाचे जुने काम त्या शब्दात टिकून आहे. आज त्याच्या खिडकीसमोर कामगार, विद्यार्थी, लहान मुले घेऊन आलेले आईबाप उभे असतात.

दूतावास यजमान देशाच्या राजधानीत असतो, इतर मोठ्या शहरांत महावाणिज्यदूतावास. संयुक्त अरब अमिरातीत भारताचा दूतावास अबू धाबीला आणि महावाणिज्यदूतावास दुबईला आहे. सौदी अरेबियात हीच जोडी रियाध आणि जेद्दा अशी आहे. प्रत्येकाची हद्द ठरलेली असते. अर्ज स्वीकारण्याचे काम बऱ्याच ठिकाणी खासगी कंपन्यांकडे दिलेले आहे, निर्णय मात्र वकिलातीचाच.

या सेवेचा कायदेशीर पाया म्हणजे 1963 चा व्हिएन्ना करार. तो 1967 मध्ये अमलात आला आणि 1977 मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच्या कलम 5 मध्ये कामांची यादी आहे, पण सर्वांत मोलाचे कलम 36. परक्या देशात अटक झालेल्या माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे, हे त्याला विनाविलंब सांगितले पाहिजे आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याची भेट मिळाली पाहिजे, असे ते सांगते. भाषा न समजणाऱ्या मुलखात कोठडीत बसलेल्या माणसाला याहून मोठा आधार नसतो. महाराष्ट्राला हे कलम कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे माहीत झाले. 2017 मध्ये पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली, तोवर भारतीय अधिकाऱ्यांना त्यांची एकदाही भेट मिळाली नव्हती. हेरगिरीच्या आरोपीला हे कलम लागू होत नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नाकारला आणि 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी कलम 36 चा भंग झाल्याचा निर्णय दिला.

याच कराराचे कलम 55 मात्र वकिलातीचे हात बांधते: यजमान देशाचे कायदे पाळायचे, त्याच्या अंतर्गत कारभारात पडायचे नाही. आखाती देशांत याचा अनुभव सतत येतो. मालकाने पासपोर्ट दाबून ठेवला, काम सुटले, इकामा (तिथे राहण्याचा परवाना) संपला, अशा कामगाराला वकिलात राष्ट्रीयत्वाची खातरजमा करून आणीबाणीचे प्रमाणपत्र देते. कामगार त्याला ‘आउटपास’ म्हणतात. ते फक्त मायदेशी परतण्यापुरते असते, आणि हातात पडले तरी देश सोडण्याची परवानगी तिथल्याच सरकारकडून मिळवावी लागते. कफीलला, म्हणजे कामगाराची हमी घेऊन त्याला आणणाऱ्या मालकाला, हुकूम सोडण्याचा अधिकार वकिलातीला नाही. ती पत्र लिहू शकते, पाठपुरावा करू शकते, वकील मिळवून देऊ शकते. हे आधी ठाऊक नसल्याने पुष्कळांची निराशा होते.

कागदपत्रांच्या कामात मराठी कुटुंबांचा सर्वाधिक संबंध मुखत्यारपत्राशी येतो. गावची जमीन किंवा फ्लॅट विकायचा, पण यायला रजा नाही, मग भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून वकिलातीत त्यावर सही-शिक्का घेतात. काम तिथे संपत नाही. हा दस्त महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. जन्माच्या नोंदीलाही मुदत आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व हवे, तर एका वर्षात वकिलातीत नोंद करावी आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसल्याचे लिहून द्यावे. वर्ष उलटल्यास केंद्र सरकारची परवानगी लागते.

व्हिसा ही परकीयांसाठीची बाजू. 2014 पासून ऑनलाइन व्हिसाची सोय वाढत गेल्याने भारतात पर्यटनाला येणाऱ्या बऱ्याच जणांना वकिलातीची पायरी चढावी लागत नाही. दीर्घ मुक्कामाचे अनेक व्हिसा अजून तिथेच मिळतात. परकीय नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. त्यावर आयुष्यभर येजा करता येते, मतदान करता येत नाही.

परदेशात मृत्यू झाल्यास वकिलात मृत्यूची नोंद करते, पासपोर्ट रद्द करते आणि पार्थिव मायदेशी नेण्यासाठी ना-हरकत दाखला देते. पोलीस, रुग्णालय आणि मालक यांचे कागद जुळेपर्यंत दिवस जातात, आणि घरचे लोक तिकडे फोनची वाट पाहत असतात. मालक किंवा विमा खर्च उचलत नसेल, तर गरजू कुटुंबासाठी 2009 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून पैसे देता येतात. हा निधी मुख्यतः कॉन्सुलर सेवांच्या शुल्कासोबत घेतल्या जाणाऱ्या छोट्या रकमेतून उभा राहतो.