पायाला न कळणारी झीज

माझ्या टेबलावर एक जुना ब्रेक पॅड ठेवलेला आहे. तळहातावर मावेल एवढा पोलादी पत्रा आणि त्यावर घट्ट बसवलेला काळपट करडा थर. नवा असताना हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो. या पॅडच्या एका टोकाला तो ५ मिलिमीटर उरलाय, दुसऱ्या टोकाला जेमतेम १. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून तो निघाला. त्या दिवशी सकाळपर्यंत माझी ब्रेकबद्दल कसलीही तक्रार नव्हती. आवाज येत नव्हता, पेडल नेहमीसारखं लागत होतं, गाडी सरळ थांबत होती. महिन्याभरापूर्वी चाकाच्या फटीतून डोकावून मी स्वतः पॅड पाहिला होता आणि तो चांगला निम्मा शिल्लक होता. पण मला दिसला होता तो बाहेरचा पॅड. डिस्कच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीच्या, आतल्या बाजूचा पॅड संपत आला होता आणि टायर बदलायला चाक काढलं नसतं, तर तो आणखी काही आठवडे तसाच राहिला असता.

तेव्हापासून मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगाविशी वाटते. ब्रेक किती झिजलेत हे ठरवायला आपला पाय हा सगळ्यात वाईट साक्षीदार आहे. यात दोष पायाचा नाही. डिस्क ब्रेकची रचनाच अशी आहे, की झीज पायापर्यंत पोचत नाही.

ब्रेकवर किती मोठं काम पडतं ते आधी पाहू. १२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे ४६० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. गाडी थांबते तेव्हा ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. नळाचं जवळजवळ दीड लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला पुरेल एवढी ही उष्णता. जोरात ब्रेक मारला तर ती चारेक सेकंदांत तयार होते, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांच्या वाट्याला येतो, कारण ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो. पुढचे पॅड सहसा आधी संपतात ते यामुळे. वेग निम्मा, म्हणजे ताशी ५० असेल, तर ऊर्जा निम्मी होत नाही, एक चतुर्थांश होते. वेगात गाडी चालवणाऱ्याचे पॅड लवकर का संपतात, याचं उत्तर या एका हिशोबात आहे.

हे काम करताना कोणीतरी झिजणारच. म्हणून मुद्दाम पॅड झिजवायचा आणि ओतीव लोखंडाची डिस्क शक्य तितकी वाचवायची, अशी योजना असते. राळ, तंतू, धातूची पूड, ग्रॅफाइट असं बरंच काही एकत्र दाबून पॅडचा थर बनवतात. ही कल्पना मोटारगाडीइतकीच जुनी आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेतल्या उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. झिजलं की बदलता येईल असं वेगळं अस्तर! आजही गॅरेजमध्ये ज्याला लायनर म्हणतात, त्याची सुरुवात त्या चामड्यापासून झाली.

आता पुन्हा पायाकडे येऊ. पेडल दाबलं की त्याला जोडलेल्या नळकांड्यातलं, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं, ब्रेक ऑइल दाबलं जातं आणि तो दाब पास्कलच्या नियमाप्रमाणे नळ्यांमधून प्रत्येक चाकापर्यंत जसाच्या तसा पोचतो. तिथे कॅलिपरमधला, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चिमट्यातला, पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. पिस्टनभोवती रबराचं एक जाड सील असतं. पिस्टन पुढे सरकला की ते सील किंचित पिळलं जातं, आणि पाय उचलला की पुन्हा सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढून घेतं. तेवढ्यानेच पॅड डिस्कपासून सुटतो. पॅड झिजला, तर पिस्टन सीलमधून घसरून थोडा पुढे जातो आणि सील तिथूनच त्याला पुन्हा केसभर मागे ओढतं. म्हणजे पॅड १० मिलिमीटरचा असो वा २ मिलिमीटरचा, पॅड आणि डिस्कमधली फट तेवढीच राहते आणि पेडलही तेवढंच खाली जातं. मला ही रचना फार सुंदर वाटते. पण तिच्यामुळेच चालकाला झिजेचा पत्ता लागत नाही.

मग झिजलेली जागा जाते कुठे? पिस्टन पुढे आला की त्याच्या मागची पोकळी ऑइलने भरते आणि बॉनेटखालच्या डबीतली पातळी तेवढी उतरते. डबीवर कमाल आणि किमान अशा दोन खुणा असतात. गळती नसताना पातळी हळूहळू किमान खुणेकडे येत असेल, तर ते पॅड झिजल्याचं लक्षण आहे. माझ्या बाबतीत हे लक्षण पुसलं गेलं होतं. आधीच्या सर्व्हिसिंगमध्ये ऑइल कमी दिसलं, तेव्हा ते का उतरलं हे न पाहता डबी काठोकाठ भरून दिली गेली. असं होऊ देऊ नका. ऑइल उतरलं असेल तर आधी पॅड पाहायचे, गळती पाहायची, मग भरायचं. हँडब्रेक सोडल्यावरही ब्रेकचा लाल दिवा विझत नसेल, किंवा धावत्या गाडीत तो लागला, तर बऱ्याचदा ऑइल फार उतरलेलं असतं. तशी गाडी पुढे नेऊच नये.

आतला पॅड आधी का संपला, तेही सांगतो. बहुतेक गाड्यांच्या कॅलिपरला एकाच बाजूला, आतून, पिस्टन असतो. तो आतल्या पॅडला दाबतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला डिस्कवर ओढतो. या पिना कोरड्या पडल्या किंवा गंजल्या, की कॅलिपर सरकत नाही आणि जवळजवळ सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. एकच पिन अडकली तर पॅड तिरका झिजतो, माझ्या टेबलावरच्यासारखा.

काही पॅडना पोलादाची एक छोटी वाकवलेली पत्ती असते. थर २-३ मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक किंचाळल्यासारखा आवाज सुरू होतो. हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो. तो ऐकला की काही दिवसांत गाडी दाखवायची. काही गाड्यांत पत्तीऐवजी पॅडमध्ये तार पुरलेली असते आणि ती घासली गेली की डॅशबोर्डवर दिवा लागतो. माझ्या पॅडला यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे आवाज नाही म्हणजे ब्रेक ठीक, असं धरून चालू नका. उलट प्रत्येक आवाज म्हणजे बिघाडही नव्हे. पावसानंतर सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना येणारी खरखर डिस्कवर चढलेल्या पातळ गंजाची असते आणि तो पुसला गेला की थांबते. पण ब्रेक दाबल्यावर दरवेळी लोखंडावर लोखंड घासल्याची जाड करकर येत असेल आणि पायाला ती जाणवत असेल, तर थर संपून मागचा पत्राच डिस्कवर घासतोय. तिथेच गाडी उभी करावी.

ब्रेक लावल्यावर पेडल किंवा स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, किंवा पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त चिकटलेला असतो. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी फरक पायाला कळतो. (ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर येणारी धडधड वेगळी, ती एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, काम करत असल्याची खूण. तेव्हा पाय उचलायचा नाही.) गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढत असेल, किंवा फिरून आल्यावर एकच चाक इतरांपेक्षा खूप तापलेलं आणि जळका वास येत असेल, तर तिथला कॅलिपर जाम झालेला असू शकतो. हात लावून पाहू नका, जवळ नेला तरी कळतं.

पेडलच्या तक्रारी मात्र वेगळ्या वाचाव्या लागतात. पेडल मऊ, स्पंजसारखं लागत असेल तर नळ्यांत हवा किंवा वाफ आहे. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, म्हणून पायाचा जोर बुडबुडे दाबण्यातच जातो. वाफ येते कुठून? नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं, की प्रमाणित किमान उत्कलनबिंदू १५५ अंशांवर येतो. लांब घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर कॅलिपरमधलं ऑइल एवढं तापू शकतं. मग पेडल अचानक तळाला जातं. थोड्या वेळाने गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा पहिल्यासारखा लागतो, आणि आपण समजतो की झालं ते चुकून झालं. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं ते यासाठी, आणि उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाला काम करू द्यायचं तेही यासाठीच.

पेडल कडक लागतंय पण गाडी थांबत नाही, असं असेल तर एक तर पॅड तापून त्यांचं घर्षण कमी झालेलं असतं, नाहीतर पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर काम करत नसतो. नेहमीच्या निर्वात बूस्टरची परीक्षा घरी होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर बूस्टर चांगला आहे.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम असतील तर लक्षण थोडं वेगळं. तिथे शू, म्हणजे फिरणाऱ्या ड्रमला आतून घासणारे अस्तराचे तुकडे, झिजले आणि फट भरून काढणारा अ‍ॅडजस्टर अडकला, तर हँडब्रेक पूर्वीपेक्षा जास्त वर ओढावा लागतो आणि पेडलही जास्त खाली जातं. इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरच बराचसा वेग परत विजेत घेते, त्यामुळे पॅड खूप टिकतात. पण वापर कमी म्हणून डिस्क गंजतात, पिना अडकतात. तपासणी त्यांनाही चुकत नाही.

वर्षातून एकदा, किंवा १० हजार किलोमीटर झाले की, चारही चाकं काढून ब्रेक पाहून घ्या, आणि शक्य असेल तर तिथे उभे राहा. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड वेगवेगळे दाखवायला सांगा. ३ मिलिमीटरच्या खाली थर असेल तर बदलायचे, आणि एका बाजूचा संपला तरी समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे. कॅलिपर पिनांवर हाताने सरकतोय का, रबरी नळ्यांना भेगा आहेत का, हे विचारा. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून पाहिली का तेही विचारा. धूळ हवेच्या झोताने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि आजचीही धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ओल्या फडक्याने पुसलेली बरी.

नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबावे लागतात. त्यामुळे काम संपल्यावर पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट तळाला जातं, ब्रेक लागतच नाही. गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहायचं. माझे पॅड बदलल्यावर मी चार वेळा दाबलं, पाचव्या वेळी ते पायाखाली टणक लागलं. मग गिअर टाकला. पुढचे काहीशे किलोमीटर नवे पॅड डिस्कवर बसत जातात, तोवर ब्रेक थोडा उशिरा लागतो. तेवढे दिवस पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवायचं आणि अगदी गरज पडल्याशिवाय जोरात ब्रेक मारायचा नाही.