कोलारच्या फोटोतली मुसळं स्थिर का दिसतात?

कोलारच्या सोन्याच्या खाणींचे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कृष्णधवल फोटो अधूनमधून फिरत फिरत मोबाइलवर येतात. खाली ओळ ठरलेली: 'इथे सोन्याचे गोळे निघायचे.' प्रत्यक्षात तिथलं बहुतेक सोनं गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, कठीण शिरांमध्ये बारीक कणांनी विखुरलेलं होतं. टनामागे तीन-चार तोळे मिळाले तरी चंगळ. ते बाहेर काढायचं तर आधी दगडाचं पीठ करावं लागे, आणि फोटोतली ती उंच लाकडी चौकट म्हणजे ते पीठ करणारी स्टॅम्प मिल.

तत्त्व आपल्या उखळ-मुसळाचंच. लोखंडी उखळात पाच मुसळं ओळीने, एकेकाचं वजन साधारण ४५० किलो. वरच्या फिरत्या दांड्यावरचा कॅम, म्हणजे बाहेर आलेला वक्र दात, मुसळाच्या कॉलरखाली, म्हणजे त्याच्यावर बसवलेल्या कड्याखाली येतो, त्याला वीसेक सेंटिमीटर उचलतो आणि सोडून देतो. मिनिटाला ९०-९५ घाव. हिशेब केला तर एका मुसळाला जेमतेम दोन अश्वशक्ती लागतात. पण शंभर मुसळं म्हटली की दोनशेच्या घरात. सुरुवातीला हे काम वाफेवर चाले. १९०२ मध्ये शिवसमुद्रमच्या धबधब्यावरून सुमारे १४७ किलोमीटर तारा ओढून वीज आणली, ती या खाणींसाठीच.

कॅम कॉलरला मधोमध धरत नाही, एका कडेला धरतो. त्यामुळे वर जाताना मुसळ स्वतःभोवती थोडं फिरतं आणि त्याचा तळ सगळीकडून सारखा झिजतो. घावांचा क्रमही ठरलेला, उदाहरणार्थ १-४-२-५-३. शेजारशेजारची मुसळं लागोपाठ पडली तर उखळात सोडलेल्या पाण्याच्या लाटेबरोबर दगड एका टोकाला जमतो, दुसऱ्या टोकाला लोखंडावर लोखंड आपटतं आणि मुसळाचा दांडा मोडतो. मुरलेला कामगार आवाजावरूनच ओळखतो: भरल्या उखळाचा आवाज दबका, रिकाम्याचा खणखणीत.

आता फोटोकडे पुन्हा बघा. मिलमधल्या मंद उजेडात काचेच्या प्लेटवर फोटो घ्यायचा तर लेन्स सेकंद-दोन सेकंद तरी उघडी ठेवावी लागे. एका घावाचं चक्र ०.६३ सेकंदाचं. म्हणजे चालू मिलमधली मुसळं फोटोत धुरकट पट्ट्यांसारखी उमटायला हवीत. ती रेखीव दिसतात, कारण मिल थांबवलेली आहे. पाचही कॉलरी एकाच उंचीवर असतील तर खाली लाकडी टेकू शोधा. मुसळं अडकवून ठेवली आहेत. उंची कमी-जास्त असेल तर दांडा फिरता फिरता मध्येच थांबवलाय. कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या त्या माणसांना, म्हणजे बहुतांशी तमिळ मुलखातून आलेल्या मजुरांना, ही शांतता दिवसात क्वचितच लाभत असेल.

उखळापुढच्या उतरत्या, चकाकणाऱ्या पाट्या तांब्याच्या, वर चांदीचा मुलामा आणि त्यावर पारा. उखळाच्या चाळणीतून आलेला दगडाच्या पिठाचा गाळ त्यावरून वाहतो, सोनं पाऱ्यात अडकतं, रेती पुढे जाते. उतार कमी झाला तर रेती साचते, जास्त झाला तर सोनं निसटतं. वरून वंगणाचा एक थेंब पडला तरी सोन्याच्या कणांवर तेलाचा पापुद्रा चढतो आणि पारा त्यांना धरत नाही. पाट्यांवर तांब्याचे हिरवे डाग आले की नवसागराच्या पाण्याने घासायचे. साचलेला लगदा खरवडून कातड्यातून पिळायचा, बंद भांड्यात तापवायचा. पारा ३५७ अंशांना उकळून वाफ होतो, ती थंड करून परत मिळते, तळाशी सच्छिद्र सोनं उरतं. 'पाऱ्याचं सोनं करून दाखवतो' म्हणणाऱ्या बाबांची सगळी विद्या एवढीच: पाऱ्यात सोनं आधीच विरघळवलेलं असतं. भक्तांच्या फुप्फुसात मात्र पाऱ्याची वाफ जाते.

पाट्यांवरून निसटलेलं सोनं सायनाइडच्या मोठ्या गोल टाक्यांत जातं आणि तिथे द्रावणात विरघळतं. सोन्याचे ४ अणू, सायनाइडचे ८ आयन, ऑक्सिजनचा १ रेणू आणि पाण्याचे २ असं हे समीकरण. यातला ऑक्सिजन महत्त्वाचा. गाळ फार चिकट असेल तर त्यातून द्रावण झिरपत नाही, हवाही पोचत नाही आणि सोनं जागच्या जागी राहतं. द्रावण अल्कधर्मी ठेवणारा चुना कमी पडला तर विषारी हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. शेवटी द्रावण जस्ताच्या किसावरून सोडतात. जस्त विरघळतं आणि सोनं काळ्या चिखलासारखं खाली बसतं.

खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. उरलेल्या रेतीचे करडे-पांढरे डोंगर गावाला लागून अजून उभे आहेत, सुमारे ३ कोटी टन, टनामागे एक ग्रॅमहूनही कमी सोनं असलेले. वारा सुटला की ते पीठ उडून घरांत येतं.