व्यवसायनिहाय मनुष्यबळ अंदाज

पुढील पाच, दहा किंवा पंधरा वर्षांत कोणत्या व्यवसायात किती माणसे लागतील आणि तेवढी मिळतील का, याचा आकडेवारीवरून बांधलेला आडाखा. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 1960 च्या दशकात ग्रीस, इटली, स्पेन, पोर्तुगाल, तुर्कस्तान व युगोस्लाव्हिया यांच्यासाठी असे अंदाज केले, तेव्हा ही पद्धत नावारूपाला आली. भारतात उपयोजित मनुष्यबळ संशोधन संस्था 1962 मध्ये दिल्लीत स्थापन झाली.

अपेक्षित उत्पादनावरून लागणारे कामगार काढायचे, ते व्यवसायांत वाटायचे आणि निवृत्त होणाऱ्यांच्या जागा त्यात मिळवायच्या, अशी मांडणी असते. या रिकाम्या होणाऱ्या जागा अनेकदा नव्या नोकऱ्यांहून जास्त असतात. तरी चर्चा नव्या कारखान्यांचीच होते.

सांगली जिल्ह्यातील ऊसतोडीवरून पद्धतीचे बळ आणि तिची उणीव दोन्ही कळतात. समजा, एका कारखान्याचे रोजचे गाळप 5,000 टन आहे. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला 2 टन तोडतो असे धरले तर 2,500 कोयते, म्हणजे 5,000 माणसे लागतील. हार्वेस्टरने रोज 100 टन तोड होते असे मानून दहा यंत्रे आणली, की 500 कोयत्यांचे काम जाते आणि यंत्रचालक, मेकॅनिक यांची गरज उभी राहते. ‘टनामागे इतकी माणसे’ हे प्रमाण कायम धरून केलेला दहा वर्षांचा अंदाज इथेच फसतो. पुरवठाही स्थिर नसतो. टोळ्या बीडकडून येतात, जत तालुक्यातूनही निघतात. मुकादमाने उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, दिली तरी शिकलेली पुढची पिढी कोयता हाती घेईलच असे नाही.

जिल्ह्याची हद्द ही तर मोठीच अडचण. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर पांगलेले आहेत. त्यांची कमाई गावात येते, पण कामाची नोंद परगावी होते. 2017 मध्ये सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा, म्हणजे रोजगार-बेरोजगारी मोजणाऱ्या सरकारी पाहणीचा, नमुना मुळात देश व राज्य पातळीसाठी आखलेला होता. एका जिल्ह्यातील फिटर किंवा वेल्डर मोजायला तो तोकडा पडतो. 2011 नंतरची जनगणनाही लांबली.

तरीही हे काम टाळता येत नाही. आयटीआयमध्ये कोणत्या ट्रेडच्या जागा वाढवायच्या हे आज ठरते, त्याचे फळ काही वर्षांनी मिळते. अंदाज चुकला तर किंमत मोजतो तो दहावीनंतर प्रवेश घेतलेला पोरगा. म्हणून एकच आकडा जाहीर करण्यापेक्षा यंत्रे वेगाने आली तर किती, मंद गतीने आली तर किती, असे दोन-तीन आकडे द्यावेत आणि कारखाने व प्रशिक्षण संस्थांकडील ताज्या माहितीने ते वारंवार सुधारावेत, हीच रीत अधिक प्रामाणिक आहे.